कार्ड ६८ डिग्रीवर आहे म्हणता, पण कार्डातलं नेमकं काय ६८ वर आहे?

"तुझं ग्राफिक्स कार्ड किती तापतं रे?" असं विचारलं की बहुतेक जण एकच आकडा सांगतात, ६८, ७२, ७५ वगैरे, आणि समोरचा पण "मग झकास आहे की" म्हणून मोकळा होतो. तो आकडा खोटा नसतो, पण महागड्या कार्डात तापणाऱ्या गोष्टी तीन-चार असतात आणि हा आकडा त्यातल्या एकीचाच, तोही ज्या भागाची कंपनीने सगळ्यात जास्त काळजी घेतलेली असते त्याचा. बाकीचे भाग आत काय करतायत ते कळण्यासाठी थोडं खोलात बघावं लागतं, अवघड काही नाही, फक्त कुठला आकडा कशाचा ते माहीत पाहिजे.

उदाहरणाला एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०९० घेऊया. सप्टेंबर २०२० चं कार्ड, ३५० वॅट, २४ जीबी मेमरी. जुनं झालं असलं तरी सेकंडहँड मार्केटमध्ये अजून याला मागणी आहे, कारण घरच्या घरी एआय मॉडेल चालवायचं तर २४ जीबी या भावात सहज मिळत नाही. आणि तापमानाच्या बाबतीत शिकायला याच्याइतकं चांगलं कार्ड नाही, कारण याच्यात जे जे त्रासदायक ते सगळं एकाच जागी आहे.

आधी उष्णता येते कुठून ते बघू. कार्डाच्या मधोमध जी मुख्य चिप असते, जिला आपण कोअर म्हणतो, ती ३०९० मध्ये ६२८ चौरस मिलीमीटरची आहे, म्हणजे सहा-सव्वासहा चौरस सेंटीमीटर. ३५० वॅटमधले निदान दोनशे वॅट या एवढ्याशा तुकड्यातून निघतात असं धरलं तरी एका चौरस सेंटीमीटरला तीस-बत्तीस वॅट झाले. घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या, तिचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटीमीटर, म्हणजे सेंटीमीटरला पाच वॅट. आणि आपण ती शर्टावर टेकवून विसरलो तर काय होतं ते माहितीच आहे. चिपचं तसं होत नाही कारण तिच्या डोक्यावर तांब्याची प्लेट, प्लेटमधून निघालेल्या हीट पाइप, पाइपवर अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि त्यावर दोन-तीन फॅन असा सगळा संसार बसवलेला असतो. हीट पाइप म्हणजे भरीव तार नव्हे हं, ती आतून पोकळ असते, हवा काढून टाकलेली आणि थोडंसं पाणी घातलेली, गरम टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाला जाऊन परत पाणी होते आणि आतल्या जाळीसारख्या थरातून झिरपत मागे येते. व्हेपर चेंबर हा याचाच चपटा प्रकार.

आता आकडे. एक कोअर टेंपरेचर, हे सगळीकडे दिसतं. दुसरं हॉटस्पॉट, म्हणजे चिपवर ठिकठिकाणी जे सेन्सर असतात त्यातला त्या क्षणी सगळ्यात गरम जो असेल तो. तिसरं मेमरी जंक्शन, म्हणजे कार्डावरच्या मेमरीच्या (हिलाच व्हीरॅम म्हणतात) चिपच्या आतलं तापमान. टास्क मॅनेजरमध्ये फक्त पहिलं दिसतं. गेमच्या कोपऱ्यात जे हिरवे-पिवळे आकडे लोक लावून ठेवतात त्यात पण बहुतेक वेळा पहिलंच असतं.

३०९० ची खरी भानगड तिसऱ्या आकड्यात आहे. या कार्डावर मेमरीच्या २४ चिप आहेत, प्रत्येकी एक जीबी, त्यातल्या १२ कोअरच्या बाजूला, म्हणजे त्या पाइप-पत्र्यांच्या मोठ्या हीटसिंकखाली, आणि उरलेल्या १२ बोर्डाच्या मागच्या बाजूला. मागे ना फॅन, ना पत्रे, ना हीट पाइप. तिथे थर्मल पॅड, म्हणजे उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी, आणि त्यावर बॅकप्लेट, म्हणजे कार्डाचं मागचं झाकण, बस. आणि ही मेमरी साधी नाही, जीडीडीआर६एक्स आहे, मायक्रॉनची, जी एका वेळी दोनऐवजी चार पातळ्यांचा सिग्नल पाठवते, वेग जबरदस्त मिळतो पण तापते पण तशीच. आता कार्ड कॅबिनेटमध्ये आडवं बसवलं की ही मागची बाजू वर येते, नेमकी प्रोसेसरच्या कूलरजवळ, जिथे आधीच गरम हवा साचलेली. डिझाइन करणाऱ्यांना दोष द्यायचा तर देता येईल, पण त्या वेळी या मेमरीची दोन जीबीची चिप मिळत नव्हती, २४ जीबी बसवायची तर दोन्ही बाजूंना लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे २०२२ मध्ये ३०९० टीआय आलं तेव्हा दोन जीबीच्या चिप आल्या होत्या, मग सगळ्या बाराच्या बारा पुढच्या बाजूला बसल्या, आणि ४५० वॅटचं कार्ड असूनही मेमरीचा ताप कमी झाला. ४०९० मध्ये पण तसंच आहे.

गंमत म्हणजे ३०९० आलं तेव्हा हा मेमरीचा आकडा लोकांना दिसतच नव्हता. २०२१ च्या सुरुवातीला एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने तो दाखवायला सुरुवात केली आणि मग एकच गदारोळ, कारण कोअर ६० वर आरामात बसलेलं आणि मेमरी ११०. ते दिवस मायनिंगचे, म्हणजे कार्डाला आकडेमोड करायला लावून डिजिटल चलन कमावण्याचे होते, इथेरियम हे त्यातलं चलन काढताना कोअरला फारसं काम नसतं, सगळा भार मेमरीवर, त्यामुळे वरचा आकडा बघून खूश असलेल्या लोकांची कार्डं आतून भाजत होती. ११० ला ही मेमरी पोचली की कार्ड स्वतःहून वेग खाली आणतं, म्हणजे ११० हा आकडा दिसला याचा अर्थ ती आणखी तापू पाहतेय आणि कार्ड तिला धरून ठेवतंय. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंग बंदच केलं, आणि त्यातली पुष्कळ कार्डं बाजारात आली. आज जे सेकंडहँड ३०९० घेतात त्यांच्या हातात त्यातलंच एखादं असू शकतं. आणि घरी भाषेचं मॉडेल चालवताना, एकेक शब्द बाहेर पडत असतो तेव्हा, भार बराचसा मेमरीवरच असतो, म्हणजे मायनिंगचीच थोडी सौम्य आवृत्ती. गेममध्ये ठीक वाटणारं कार्ड इथे उघडं पडतं.

बघायचं कसं? एचडब्ल्यूइन्फो टाका, फुकट आहे, उघडताना नुसते सेन्सर दाखवा असा पर्याय असतो तो टिक करा. लांबलचक यादी येते, घाबरू नका, खाली खाली जात ग्राफिक्स कार्डाच्या नावाचा भाग शोधा. चार रकाने असतात, आत्ताचा, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. आपल्याला महत्त्वाचा तिसरा. गेम सुरू करण्याआधी खालचं घड्याळाचं बटण दाबून जुने आकडे पुसून टाका, मग वीसेक मिनिटं खेळा, पाच नाही, वीस, कारण कोअर दोन मिनिटात तापून स्थिर होतो पण बॅकप्लेट आणि कॅबिनेटमधली हवा तापायला वेळ घेते आणि मेमरीचा आकडा हळूहळू चढत राहतो. पाच मिनिटांच्या बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीचा स्क्रीनशॉट टाकून "माझं टेंपरेचर बघा" म्हणणाऱ्यांवर म्हणून फार विश्वास ठेवू नये.

समजा बाहेर येऊन बघितलं तर कोअर ६८, हॉटस्पॉट ८०, मेमरी १०६. आता वाचा. कोअर आणि हॉटस्पॉटमध्ये १२ चा फरक, एनव्हिडियाच्या या पिढीत दहा ते पंधरा म्हणजे तब्येत ठणठणीत. म्हणजे चिप आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट चांगली आहे, हीटसिंक नीट टेकलाय, फॅन काम करतायत. फक्त मेमरी आजारी आहे, तेव्हा इलाज मेमरीचा, पॅडचा, बॅकप्लेटचा. इथे जर कोणी "पेस्ट बदल" म्हणून सल्ला दिला तर तो वरवरचा. दुसरा प्रकार, कोअर ७२ आणि हॉटस्पॉट १००. कोअरचा आकडा अजूनही दिसायला सभ्य, पण फरक २८ चा, म्हणजे चिपच्या एखाद्या कोपऱ्यावर पेस्ट उरलेलीच नाही किंवा हीटसिंक तिरका बसलाय. पेस्ट कालांतराने मधून बाहेर सरकते, कारण कार्ड तापतं-निवतं तसे चिप आणि तांबं वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि मधली पेस्ट प्रत्येक वेळी थोडी थोडी कडेला ढकलली जाते. तिसरा प्रकार, तिन्ही आकडे एकदम वर पण आपसातला फरक नेहमीसारखाच. मग कार्डाला दोष देऊ नका, त्याला मिळणारी हवाच गरम आहे. याची परीक्षा सोपी, कॅबिनेटचं साईड पॅनल काढून ठेवा आणि परत तोच गेम तितकाच वेळ. आकडे सात-आठ डिग्रीने पडले तर पैसे कार्डावर न घालवता पुढच्या फॅनवर घालवा, किंवा ती पुढची अख्खी काच असलेली कॅबिनेट बदला, दिसायला छान असतात पण हवा आत जायला फट शोधावी लागते.

एनव्हिडियाची स्पर्धक एएमडी, तिच्याकडे हेच थोडं वेगळ्या हिशोबाने चालतं. तिथे हॉटस्पॉटला जंक्शन म्हणतात आणि त्याची हद्द ११० आहे, फरक वीसच्या आसपास असला तरी लगेच हाय खायची गरज नाही. पण याच फरकाने २०२२ च्या डिसेंबरात एक मोठी चूक पकडली गेली. आरएक्स ७९०० एक्सटीएक्स नवीन आलेलं, एएमडीच्या स्वतःच्या डिझाइनची काही कार्डं हॉटस्पॉट ११० ला भिडवून फॅन पूर्ण जोरात फिरवत होती आणि कोअरचा आकडा मात्र बराच खाली. डेरबाउअर नावाने प्रसिद्ध असलेल्या जर्मन ओव्हरक्लॉकरने (चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणारा) अशी कार्डं गोळा करून उभी-आडवी लावून तपासली तर दिशा बदलली की तापमान बदलत होतं. पेस्टला दिशा कळत नाही, त्यामुळे संशय सरळ व्हेपर चेंबरवर गेला, आणि पुढे जानेवारीत एएमडीने मान्य केलं की काही कार्डांच्या चेंबरमध्ये पाणीच पुरेसं भरलं गेलं नव्हतं. वापरणाऱ्यांनी नुसता कोअरचा आकडा बघितला असता तर "फॅनचा आवाज फार येतो बुवा" यापलीकडे तक्रार गेली नसती.

म्हणूनच एनव्हिडियाने २०२५ च्या ५० सीरिजमध्ये हॉटस्पॉट दाखवणं बंद केलं हे मला अजिबात पटलेलं नाही. ५०९० म्हणजे ५७५ वॅटचं कार्ड, आणि त्याच्यातच हा आकडा गायब. मेमरीचं दिसतं, कोअरचं दिसतं, पण पेस्ट कुठे सरकलीय का हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण गेली. मग आता काय करायचं तर कार्ड नवीन असताना ठरावीक गेमला, ठरावीक फॅन स्पीडला, खोलीचं तापमान बघून कोअरचा आकडा लिहून ठेवायचा आणि सहा महिन्यांनी तसाच परत बघायचा. कटकट आहे, पण दुसरा मार्ग नाही.

खोलीचं तापमान लिहायला सांगतोय ते उगाच नाही. कूलर हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही, तो फक्त कार्ड हवेपेक्षा किती डिग्री वर राहील एवढंच ठरवतो. यूट्यूबवरचा रिव्ह्यू २१-२२ डिग्रीच्या खोलीत झालेला असतो. तिथे कोअर ६८ म्हणजे हवेपेक्षा ४६ वर. तेच कार्ड मे महिन्यात अकोल्यात नाहीतर चंद्रपुरात, बाहेर ४५, खोलीत ३८, फॅन तेवढ्याच वेगाने फिरत असतील तर कोअर ८४ आणि मेमरी त्याच हिशोबात सोळा डिग्रीने वर. कार्डात काहीही बिघडलेलं नाही. आणि कार्ड जी वीज खातं ती सगळी शेवटी त्याच खोलीत उष्णता म्हणून बाहेर पडते, कूलर कितीही भारी लावा, वॉटर कूलिंग करा, खोलीच्या दृष्टीने फरक शून्य. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकतो, गेम खेळताना अख्खा पीसी सहाशे वॅट खात असेल तर एसीचा सहावा हिस्सा नुसता पीसीसाठी चाललाय. विदर्भात ज्यांच्याकडे डेझर्ट कूलर आहे त्यांना एक प्रश्न नेहमी पडतो की दमट हवेने कार्डावर पाणी धरेल का. चालू कार्ड आजूबाजूच्या हवेपेक्षा गरमच असतं, त्यामुळे त्यावर दव धरत नाही, पण कूलरच्या तोंडासमोर पीसी ठेवू नका, कारण त्यातून बारीक तुषार उडतात आणि त्याबरोबर धूळ चिकटते ती ब्लोअरने पण निघत नाही.

आता गार करायचं कसं. लोकांची धाव आधी फॅनकडे जाते, आणि फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापल्यावर फॅन किती जोरात फिरावा याचा आलेख, थोडा चढा करणं ठीकच, एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचं काम. पण फॅनचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते आणि आवाज मात्र पंधराएक डेसिबलने चढतो, म्हणजे एका हद्दीनंतर फक्त डोकं उठतं, दोन-तीन डिग्रीच्या वर काही हाती लागत नाही. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे उष्णता मुळात तयारच कमी करायची. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.०५ व्होल्टवरून ०.९ वर आणलं, क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, तोच ठेवला, तर ०.९ भागिले १.०५ चा वर्ग म्हणजे साधारण ०.७३, कोअरची वीज चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घटली. यालाच अंडरव्होल्ट म्हणतात, आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा आलेख उघडतो, ०.९ च्या ठिपक्याला आपल्याला हव्या त्या क्लॉकवर उचलायचं आणि त्याच्या पुढचे सगळे ठिपके सपाट करायचे. प्रत्येक चिपची सोसायची ताकद वेगळी, गेम मध्येच बंद पडायला लागला तर क्लॉक थोडा खाली घ्यायचा.

एवढंही नको असेल तर आफ्टरबर्नरमधली पॉवर लिमिटची, म्हणजे कार्डाने किती वीज खायची त्या मर्यादेची पट्टी १०० वरून ८० टक्क्यांवर ओढा आणि विसरून जा. ३०९० मध्ये ३५० चे २८० वॅट होतात आणि गेममध्ये फटका ढोबळमानाने पाचेक टक्क्यांचा, गेमप्रमाणे कमी-जास्त. शेवटचे सत्तर वॅट कंपनीने बेंचमार्कच्या तक्त्यात वर दिसण्यासाठी खर्च केलेले असतात, आपण त्याचं बिल कशाला भरायचं? उलट गार राहिल्यामुळे थोडं परत पण मिळतं, कारण एनव्हिडियाचा बूस्ट, म्हणजे वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय, तापमान बघून क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झने उतरवत असतो, आणि हे उतरवणं ८३ च्या टार्गेटला पोचायच्या खूप आधीपासून चालू असतं. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये परफकॅप रीझन नावाची ओळ आहे, ती वेग कशामुळे अडलाय ते सांगते, पॉवरमुळे, व्होल्टेजमुळे की तापमानामुळे. तिथे तापमान दिसलं तरच कूलिंगच्या मागे लागा.

मेमरीसाठी मात्र पॉवर लिमिटचा उपयोग अर्धाच होतो. ३०९० च्या बॅकप्लेटवर एक छोटा १२० मिलीमीटरचा फॅन नुसता ठेवला, नीट बसवलेला पण नाही, तरी मेमरी बरीच उतरते. त्याने भागलं नाही तर पॅड बदलायचे, आणि इथे घाई करणाऱ्यांचे हाल होतात. पॅडची जाडी कार्डागणिक वेगळी असते, पुढच्या बाजूला एक, मागच्या बाजूला दुसरी, एक मिलीमीटर, दीड, दोन, असं. दीडच्या जागी दोनचा कडक पॅड लावला तर मेमरी गार होते पण हीटसिंक त्या पॅडवरच टेकतो आणि कोअरपासून केसभर उचलला जातो, मग मेमरी ८८ आणि हॉटस्पॉट १०५. पातळ लावला तर मध्ये हवाच राहते. तेव्हा आपल्या कार्डाच्या नेमक्या मॉडेलची जाडी आधी शोधायची आणि मगच ऑर्डर टाकायची, पाकिटावरचा उष्णता वाहून नेण्याचा मोठा आकडा दुय्यम. जुने पॅड काढताना चिपच्या आजूबाजूला तेलकट ओल दिसते, काहींना वाटतं कार्ड गळतंय, ते पॅडमधलं सिलिकॉन तेल असतं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की झालं. कोअरला त्याच वेळी पेस्टऐवजी हनीवेलची पीटीएम७९५० शीट लावलेली बरी, ही गार असताना घट्ट राहते आणि पंचेचाळीसच्या आसपास मऊ होऊन पसरते, त्यामुळे पेस्टसारखी कडेला पळत नाही. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी नियम वाचा.

आणि एक जागा अशी आहे जिथे बहुतेक कार्डांत सेन्सरच नाही. ३०९० टीआयपासूनचा तो १६ पिनांचा पॉवर कनेक्टर. अर्धवट बसला तर थोड्याच पिनांवर सगळा करंट येतो, प्लास्टिक वितळतं आणि तोपर्यंत एचडब्ल्यूइन्फोमध्ये सगळं हिरवंगार. शेवटपर्यंत दाबून बसवा, बाहेर पडल्या पडल्या वायर मुडपू नका, आणि ३५ मिलीमीटर तरी सरळ जाऊ द्या. ३०९० च्या बहुतेक कार्डांना जुने ८ पिनांचे कनेक्टर आहेत, हा एक ताप तरी वाचला.

सेकंडहँड घेताना म्हणून विकणाऱ्याला कार्डाचे फोटो कमी मागा आणि वीस मिनिटांच्या लोडनंतरचा एचडब्ल्यूइन्फोचा स्क्रीनशॉट मागा, तिन्ही आकडे आणि फॅनचे आरपीएम एकत्र दिसतील असा. मेमरी १०० च्या खाली आणि हॉटस्पॉटचा फरक पंधराच्या आत असेल तर घ्या. मेमरी १०६-१०८ असेल तर कार्ड वाईट नाही, पॅड आणि शीटचा खर्च आणि आपला एक रविवार भावातून वजा करा. आणि आकडे छान पण फॅन शंभर टक्क्यांवर असेल तर ते आकडे धरू नका, साठ टक्क्यांवर आणून परत चालवायला सांगा.